बर्फावरचं ‘ग्राउंड’

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ध्यानचंद येतात, नाहीतर ‘चक दे’मधला शाहरुख. हिरवं मैदान, पांढरा बॉल आणि शेवटच्या मिनिटाला आपण खाल्लेला गोल. मला मॉन्ट्रियलमध्ये येऊन आता दुसरा हिवाळा चालू आहे आणि इथे हॉकी म्हणजे बर्फावरची. दुसरीही एक असते, गवतावर खेळतात, हे इथल्या लोकांना मुद्दाम सांगावं लागतं. मग ते "हो का? छान!" असं म्हणतात. आपण कोणाच्या आजीच्या लोणच्याचं कौतुक करताना म्हणतो ना, अगदी तसंच.

सोमवारी सकाळी ऑफिसात पहिली वीस मिनिटं आदल्या रात्रीच्या मॅचवर जातात. ते काय बोलतायत हे कळत नसल्याने सुरुवातीला मी नुसतं कॉफीच्या कपात बघत बसायचो. मग म्हटलं, च्यायला, चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, थर्मोडायनॅमिक्सपण पास झालो, एक खेळ कळणार नाही? म्हणून वाचायला लागलो. मला कुठलीही गोष्ट शिकायची झाली की तिच्या पहिल्या व्हर्जनपासून सुरुवात करायची खोड आहे. तसं मागे मागे जात १८७५ पर्यंत पोचलो आणि तिथेच अडकलो. कारण तिथे खेळापेक्षा जास्त इंटरेस्टिंग गोष्ट सापडली, कॉलेजच्या पोरांचा एक क्लब.

पण आधी ती १८७५ ची मॅच.

तारीख ३ मार्च १८७५. जागा, मॉन्ट्रियलची व्हिक्टोरिया स्केटिंग रिंक. ही रिंक १८६२ साली उघडली. वर छप्पर, आत गॅसचे दिवे आणि श्रीमंत लोकांचं येणंजाणं. बर्फ नैसर्गिक, म्हणजे बाहेर थंडी असेल तरच आत बर्फ. आकार साधारण २०४ बाय ८० फूट. आजच्या एनएचएलची रिंक २०० बाय ८५ फुटांची असते. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी एका क्लबाने आपल्या प्लॉटमध्ये बसेल अशी इमारत बांधली आणि अख्खा खेळ जवळपास त्याच मापाचा होऊन बसला. आपल्याकडे जुन्या कोडमध्ये कोणीतरी उगाच एक आकडा लिहून ठेवतो आणि पुढे वीस वर्षं त्याला हात लावायची कोणाची हिंमत होत नाही, त्यातलाच प्रकार.

मॅच ठरवणारा गृहस्थ जेम्स क्रेटन. मूळचा हॅलिफॅक्सचा, म्हणजे कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचा. पेशाने इंजिनिअर (वा!), रेल्वे आणि कालव्यांच्या कामांवर होता. हॅलिफॅक्सकडे गोठलेल्या तळ्यांवर काठ्या घेऊन खेळायची पद्धत आधीपासून होती. तिथल्या काठ्या मिक्मॅक आदिवासी कारागीर एका अखंड लाकडातून कोरून बनवायचे. क्रेटनने मॉन्ट्रियलच्या मित्रांसाठी तशा काठ्या हॅलिफॅक्सहून मागवल्या असं हेन्री जोसेफ नावाच्या त्यांच्यातल्याच एकाने म्हातारपणी, १९३० च्या दशकात, सांगून ठेवलं आहे. या सगळ्या इतिहासात त्या कारागिरांपैकी एकाचंही नाव नाही. असो.

नऊ विरुद्ध नऊ. क्रेटनची टीम २-१ ने जिंकली. बॉलच्या ऐवजी लाकडाची चपटी गोल चकती वापरली, कारण बंदिस्त जागेत बॉल उसळून प्रेक्षकांना लागला असता. हाच तो आजचा पक. आणि मॅच संपल्यावर चक्क मारामारी झाली! खेळाडूंची आपापसात नव्हे हां. रिंकवर इतर लोक छान गोल गोल स्केटिंग करायला यायचे, त्यांना ही काठ्या घेतलेली मंडळी आपला बर्फ अडवतायत याचा राग होता. बाकं तुटली, डोकी फुटली, बायका घाबरून निघून गेल्या, अशी बातमी किंग्स्टनच्या पेपरात आली. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये बॅडमिंटनवाले आणि गरबा प्रॅक्टिसवाले यांच्यात संध्याकाळी सातच्या स्लॉटवरून जे होतं, ते मला इथे स्पष्ट दिसलं.

हीच का जगातली पहिली मॅच? बर्फावर काठीने खेळणं त्याच्या कितीतरी आधीचं आहे. चार्ल्स डार्विनने १८५३ साली आपल्या मुलाला लिहिलेल्या पत्रात, मला स्केट्स घालून बर्फावर हॉकी खेळायला फार आवडायचं, असं लिहिलंय. (हो, तोच डार्विन. आणि तोही इंग्लंडमध्ये!) नोव्हा स्कोशियातलं विंडसर गाव आणि ऑन्टारिओतलं किंग्स्टन यांचेही आपापले दावे आहेत. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी फेडरेशन मॉन्ट्रियलच्या मॅचला बंदिस्त रिंकमधली पहिली संघटित मॅच मानते. इथे ‘संघटित’ हा शब्द महत्त्वाचा. ठरलेली वेळ, ठरलेले खेळाडू, पेपरात आधी दिलेली सूचना आणि शेवटी लिहून ठेवलेला स्कोअर.

आता खरी गंमत.

मॅच झाली, पेपरात आली, लोक विसरले असते. अशा मॅचेस आपण सगळ्यांनी खेळल्या आहेत. पण १८७७ च्या जानेवारीत मॅगिल युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांनी हॉकीचा क्लब काढला. मॅगिल युनिव्हर्सिटी हॉकी क्लब हा जगातला पहिला संघटित आइस हॉकी क्लब मानतात. ३ मार्चची मॅच हा एक कार्यक्रम होता. क्लब म्हणजे पुढच्या आठवड्यात परत यायचं कबूल करणं. माझ्या मते खेळ खरा सुरू झाला तो इथे, पण पाटी लावायला आणि जयंती साजरी करायला मॅच बरी पडते.

त्याच वर्षी, २७ फेब्रुवारी १८७७ ला, मॉन्ट्रियलच्या ‘गॅझेट’ पेपरात आइस हॉकीचे नियम छापून आले. एकूण सात. मी ते वाचले आणि ऑफिसात एकटाच हसलो. कारण हे नियम लंडनच्या हॉकी असोसिएशनने १८७५ साली केलेल्या नियमांची जवळजवळ शब्दशः नक्कल आहेत. म्हणजे आपल्या हॉकीचे! गवतावरच्या! खेळ सुरू करायचा तो ‘बुली’ने (जुन्या हॉकीवाल्यांना आठवेल, दोघांनी समोरासमोर काठीला काठी लावून करायची सुरुवात). काठी खांद्याच्या वर न्यायची नाही. मागून धक्का द्यायचा नाही, तंगडी अडकवायची नाही, नडगीवर मारायचं नाही. पुढे पास द्यायचा नाही, रग्बीसारखं. यातली शेवटची अट तर हळूहळू सैल होत पार १९२९ पर्यंत चालली.

आणि चकती वापरून दोन वर्षं झाली तरी नियमांत शब्द ‘बॉल’च आहे.

पण याहून भारी म्हणजे, साइडने बाहेर गेलेला बॉल ‘आइस’ला टेकेपर्यंत खेळात धरायचा नाही असं पाचव्या नियमात आहे. मूळ इंग्लिश नियमात तिथे ‘ग्राउंड’ होतं, ते बदलून ‘आइस’ केलं. पण पहिल्याच नियमात, खेळ कुठून सुरू करायचा, तर ‘ग्राउंड’च्या मधोमध! म्हणजे कोणीतरी फाइंड-रिप्लेस केलं आणि एका ठिकाणी राहून गेलं. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या अनोळखी माणसाबद्दल मला जे प्रेम वाटलं ना, ते शब्दांत सांगता येणार नाही. प्रत्येक टीममध्ये तो असतो. त्याच्या जिवावर रिलीज वेळेवर जातं.

हसण्यावारी नेलं तरी मला हे फार शहाणपणाचं वाटतं. त्यांनी नवीन काहीतरी शोधून काढायचा आव आणला नाही. चालणारी एक गोष्ट उचलली, आपल्या बर्फावर चालेल एवढी बदलली, छापून टाकली. चुका खेळता खेळता दुरुस्त होतील. आणि झाल्याच. (हे आपल्याला परकं नाही. बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम ब्रिटिश अधिकाऱ्यांनी साधारण त्याच दशकात आपल्या पुण्यात बसून लिहिले असं मानतात, तोही कुठून कुठून उचललेला खेळच.)

पुढे या नियमांच्या श्रेयावरून व्हायचा तो गोंधळ झालाच. मॅगिलचे जुने विद्यार्थी डब्ल्यू. एल. मरे यांनी १९३० च्या दशकात सांगितलं की नियम आम्ही तिघा मित्रांनी १८७९ साली बनवले. त्यातला एक, रॉबर्टसन, इंग्लंडला जाऊन गवतावरची हॉकी बघून आला होता. छान गोष्ट आहे, फक्त १८७७ चा पेपर तिच्या आधी दोन वर्षं छापला गेला होता. मरे खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. त्यांनीही १८७९ मध्ये काहीतरी लिहिलं असेल, सुधारलं असेल. पन्नास वर्षांनंतर प्रत्येकाला आपली कमिट ही पहिली कमिट वाटते.

तर क्लब चालू राहिला. फेब्रुवारी १८८१ चा एक फोटो आहे, मॉन्ट्रियलच्या क्रिस्टल पॅलेस रिंकवर मॅगिलची टीम. युनिफॉर्ममधल्या हॉकी खेळाडूंच्या अगदी जुन्या फोटोंपैकी एक. आणि १८८३ च्या जानेवारीत मॉन्ट्रियलने पहिला विंटर कार्निव्हल भरवला, त्यात हॉकीची स्पर्धा ठेवली. टीम तीनच. मॅगिल, मॉन्ट्रियलचीच व्हिक्टोरिया आणि क्यूबेक शहराची एक. असा किस्सा सांगतात की क्यूबेकवाले सातच जण घेऊन आले, म्हणून बाकीच्यांनीही नऊचे सात केले, आणि मग बरीच वर्षं सातच राहिले. माणसं कमी पडली म्हणून स्टँडर्ड बदललं! मॅगिल जिंकली. चांदीचा कप मिळाला. तीन टीमच्या स्पर्धेला तेव्हा जागतिक विजेतेपद म्हणायची पद्धत होती, चालायचंच. आपल्या गल्लीतल्या ‘भव्य अखिल महाराष्ट्र’ स्पर्धेतही सहाच टीम असतात.

त्या टीमच्या गोलकीपरविषयी दोन ओळी लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. नाव अल्बर्ट पीटर लो. मॅगिलचा अप्लाइड सायन्सचा पदवीधर, म्हणजे पुन्हा आपलाच जातभाई. पदवी घेतली आणि कॅनडाच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात नोकरीला लागला. पुढे लॅब्राडॉरच्या निर्जन मुलखात हजारो मैल पायी आणि होडीने फिरून त्याने नकाशे केले, लोखंडाच्या खनिजाचे साठे नोंदवले. १९०३-०४ मध्ये ‘नेपच्यून’ नावाचं जहाज घेऊन हडसनच्या उपसागरात आणि पार आर्क्टिकमध्ये जाऊन आला. नंतर त्या खात्याचा प्रमुख झाला. मला राहून राहून वाटतं, ज्या माणसाने त्या काळात अंगावर कुठलंही चिलखत न घालता बर्फावर गोलमध्ये उभं राहायचं कबूल केलं, त्याला लॅब्राडॉर काय मोठं!

आता हे सगळं मी इतकं मन लावून का वाचत होतो ते सांगतो.

आमच्या कॉलेजात सेकंड इयरला असताना आम्ही चौघांनी आकाशनिरीक्षणाचा क्लब काढला होता. कॉलेजचं नाव सांगत नाही, कुठलंही घ्या. वर्गणी काढून सहा इंची आरसा आणला. तो घासायला दोन महिने हॉस्टेलच्या व्हरांड्यात बसलो. पीव्हीसीच्या नाही, चांगल्या जाड पुठ्ठ्याच्या नळीत दुर्बीण बसवली. शनीची कडी पहिल्यांदा दिसली तेव्हा मेसचे काका पण बघायला आले होते. बघून म्हणाले, "स्टिकर चिकटवलंय काय रे?" त्या क्लबाने मला जे दिलं ते डिग्रीने दिलं नाही, हे मी कोणालाही लिहून देईन. आम्ही पास होताना ज्युनिअर मुलांच्या हातात सगळं दिलं. वर्षभर चाललं. मग कॉलेजला ती खोली प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूंसाठी हवी झाली, दुर्बीण कुठल्यातरी डिपार्टमेंटच्या कपाटात गेली, आणि संपलं.

कॉलेज क्लबाचा हा मूळ रोग आहे. दर चार वर्षांनी सगळी माणसं बदलतात. त्यात मॅगिलवाल्यांची परिस्थिती तर आणखी वाईट. नैसर्गिक बर्फ, म्हणजे सीझन जेमतेम दहा आठवड्यांचा. हिशोब करा, चार वर्षांत एका पोराच्या वाट्याला चाळीस आठवडे बर्फ. त्यात आजारपण, परीक्षा आणि बर्फ वितळलेले दिवस वजा. एवढ्यात शिकायचं, खेळायचं आणि पुढच्याला शिकवून निघून जायचं. तरी तो क्लब टिकला. आज मॅगिलची टीम ‘रेडबर्ड्स’ या नावाने खेळते (जुनं ‘रेडमेन’ हे नाव मूळनिवासी विद्यार्थ्यांच्या आक्षेपानंतर २०१९ मध्ये सोडलं). २०१२ मध्ये कॅनडाचं विद्यापीठ विजेतेपदही त्यांनी घेतलं.

कसं काय टिकलं? मॅगिलची पोरं आमच्यापेक्षा जास्त चिकाटीची होती असं मी मानायला तयार नाही. आम्ही जानेवारीच्या थंडीत पहाटे तीनला गच्चीवर जायचो हो.

मला जो फरक दिसला तो असा. त्यांना समोर कोणीतरी होतं. शहरात व्हिक्टोरिया होती, मग क्रिस्टल्स, मग मॉन्ट्रियल हॉकी क्लब. डिसेंबर १८८६ मध्ये कॅनडाची पहिली राष्ट्रीय संघटना झाली, तिच्या सुरुवातीच्या पाच क्लबांत ऑटवा आणि हे तिघे, आणि पाचवे मॅगिलचे विद्यार्थी. म्हणजे कॉलेजची पोरं नोकरदार, धंदेवाल्या मोठ्या माणसांशी खेळत होती. आता मॅगिलच्या कॅप्टनला वाटलं की यंदा अभ्यास फार आहे, राहू दे, तरी शनिवारी समोरची टीम रिंकवर येऊन उभी राहणारच. निरोप पाठवावा लागणार, नाचक्की होणार. क्लब आतल्या उत्साहावर थोडे दिवस चालतो, पुढे त्याला बाहेरून कोणीतरी हाक मारणारा लागतो. शनीला काय, आम्ही गच्चीवर आलो काय आणि नाही काय!

शिवाय नियम छापलेले होते, त्यामुळे खेळ माणसांबरोबर संपला नाही, माणसांबरोबर पसरला. १८८६ मध्ये किंग्स्टनला क्वीन्स युनिव्हर्सिटीची पोरं मिलिटरी कॉलेजशी खेळली. कॅनडात टेनिस खेळायला गेलेली येलची दोन पोरं हा खेळ बघून घरी घेऊन आली. ३ फेब्रुवारी १८९६ ला बाल्टिमोरमध्ये येल आणि जॉन्स हॉपकिन्स यांची मॅच २-२ अशी बरोबरीत सुटली. जानेवारी १८९८ मध्ये बोस्टनला ब्राऊनने हार्वर्डला ६-० हरवलं. हार्वर्डवाल्यांना कोणीतरी ६-० हरवलंय हे वाचून उगीचच बरं वाटतं, नाही?

क्रेटनचं काय झालं? तो १८७७ साली मॅगिललाच लॉ शिकायला गेला, इंजिनिअरिंग सोडून (आपल्याकडे एमबीएला जातात). १८८२ मध्ये ऑटवाला कॅनडाच्या सिनेटमध्ये लॉ क्लार्क झाला आणि अठ्ठेचाळीस वर्षं, मरेपर्यंत, तेच काम केलं. तिथे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनले यांच्या मुलांबरोबर ‘रिडो रेबल्स’ नावाच्या टीममध्ये तो हॉकी खेळला. मुलांच्या नादाने बापाला खेळ आवडला आणि १८९२ मध्ये लॉर्डसाहेबांनी एक कप दिला, तोच आजचा स्टॅनले कप. क्रेटन १९३० मध्ये गेला. ऑटवाच्या बीचवुड स्मशानभूमीत त्याच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो बसवला २००९ मध्ये, म्हणजे एकोणऐंशी वर्षांनी, पंतप्रधानांच्या हजेरीत. मला यात वाईट वाटून घ्यावं की नाही ते कळत नाही. त्या मधल्या एकोणऐंशी वर्षांत या देशात दर हिवाळ्यात लाखो पोरं बर्फावर काठी घेऊन उतरत होती आणि त्यांतल्या कोणाचंही क्रेटनवाचून अडलं नाही.

तर झालं असं की मागच्या महिन्यात मला एक मेल आली. आमच्या कॉलेजच्या सेकंड इयरची एक मुलगी. तिला कुठल्याशा जुन्या मॅगझिनमध्ये आमचा दुर्बिणीसोबतचा फोटो सापडला. "दादा, आम्हाला क्लब परत सुरू करायचाय. तुम्ही कसा चालवला होता? काही डॉक्युमेंट्स आहेत का?"

डॉक्युमेंट्स! आमच्याकडे वर्गणीची वही होती, तीपण अर्धी पत्त्यांच्या डावांच्या हिशोबाची.

मी तीन आठवडे उत्तर लिहीत होतो. आधी लांबलचक लिहिलं, आकाशाचं वेड वगैरे. खोडलं. शेवटी परवा रात्री पाठवलं ते एवढंच. एक, नियमावली स्वतः लिहीत बसू नका, शहरातल्या एखाद्या जुन्या खगोल मंडळाची आणा आणि नाव बदलून घ्या, एखाद्या ठिकाणी जुनं नाव राहिलं तर राहू दे. दोन, जवळचं दुसरं कॉलेज गाठा, त्यांच्याकडेही चार वेडे असतीलच. महिन्याच्या अमावास्येला दोघांनी मिळून निरीक्षण, एकदा तुमच्या गच्चीवर, एकदा त्यांच्या. त्यांची दुर्बीण तुमच्यापेक्षा मोठी निघाली तर उत्तमच, चिडून तरी याल. तीन, खोली मागू नका, तारीख मागा. आणि आरसा मेकॅनिकलच्या लॅबमधल्या लोखंडी कपाटात, वरच्या फळीवर, जुन्या बेडशीटमध्ये गुंडाळलेला असेल. कोरड्या फडक्याने पुसू नका, ओरखडे पडतात.

आज सकाळी तिचं उत्तर आलं. दुसरं कॉलेज तयार आहे. त्यांची दुर्बीण आठ इंची आहे, "पण दादा, ते फार भाव खातात". आणि कपाट सापडलंय, फक्त त्याची किल्ली कोणाकडे आहे ते डिपार्टमेंटमध्ये कोणालाच माहीत नाही. तुम्हाला आठवतंय का?

आमच्या चौघांच्या ग्रुपवर विचारलंय. दोघे झोपलेत, एक सॅन होजेत मीटिंगमध्ये आहे. बघू.